प्राइमची वर्गणी बंद करायची का? आधी छोट्या ऑर्डरी मोजा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही गोव्यात, वाळपईच्याही आत, गावात राहता. ॲमेझॉन प्राइमची वर्गणी काही वर्षांपासून चालू आहे आणि दर ऑगस्टमध्ये खात्यातून १,४९९ रुपये आपोआप वळते होतात. मिस्टरांचं म्हणणं, बंद कर, फुकटचा खर्च. बेंगळुरूला नोकरीला असलेला मुलगा म्हणतो, ठेव, मी सिनेमे बघतो. तुमच्या पत्त्यावर ‘उद्या मिळेल’ असं ॲपवर क्वचितच दिसतं, बहुतेक वेळा चार-पाच दिवसांनंतरची तारीख येते. तरी बंद केल्यावर काहीतरी हातचं जाईल अशी धाकधूक आहे. पुढच्या महिन्यात पैसे कापले जायचे आहेत, तर काय करावं?

हिशेब जरा लांबणार आहे, म्हणून उत्तर आधीच देतो. तुम्ही सांगितलेल्या परिस्थितीत मी वर्षाची वर्गणी या खेपेला आपोआप भरली जाऊ देणार नाही. मात्र मिस्टर म्हणतात तसा तो फुकटचा खर्च आहे असंही मी म्हणणार नाही. काही घरांत हीच वर्गणी दुप्पट वसूल होताना मी पाहतो. तुमचं घर त्यातलं आहे का, ते तासाभरात कळू शकतं.

मी फोंड्यात आयकराची विवरणपत्रं भरून देतो. जून-जुलैत लोक वर्षभराची बँक स्टेटमेंटं घेऊन येतात. मी त्यात व्याज शोधत असतो, पण नजरेला बाकीचंही पडतं: कुठे १४९, कुठे २९९, कुठे १,४९९. हे कशाचे, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं, ‘तें आपसूक जातां.’ गोव्यातला माणूस बाजारात बांगडा माशांचा वाटा घेताना दहा रुपयांसाठी पाच मिनिटं घासाघीस करील, पण आपसूक जाणाऱ्या पैशाला कोण हटकणार? म्हणून मी अशा प्रत्येक वर्गणीला एकच प्रश्न लावतो: ही नसती तर वर्षभरात नेमकं काय अडलं असतं?

प्राइमच्या बाबतीत हा प्रश्न एका दमात सुटत नाही, कारण एकाच वर्गणीत तीन वेगवेगळ्या गोष्टी बांधून दिलेल्या आहेत. पार्सल घरपोच आणण्याचा खर्च, व्हिडिओ, आणि काही लोकांच्या बाबतीत क्रेडिट कार्डावरची जादा सूट. तिन्ही सुट्या करून बघितल्याशिवाय घरातला वाद मिटत नाही. तुमच्याकडे मिस्टर पार्सलांबद्दल बोलत आहेत आणि मुलगा सिनेमांबद्दल. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत!

पार्सलांपासून सुरू करू, कारण तुमचा खरा हिशेब तिथे आहे. बऱ्याच मेंबरांच्या लक्षात नसतं की मेंबर नसलेल्यालाही ४९९ रुपयांच्या वरची ऑर्डर साधारणपणे घरपोच फुकटच मिळते. म्हणजे तुम्ही मागवलेला मिक्सर, चादरी, मुलीची बारावीची जाडजूड गाइडं, हे सगळं वर्गणी नसतानाही जादा खर्चाशिवाय आलं असतं. ते बाजूला काढा. उरतात त्या ४९९ च्या खालच्या ऑर्डरी. त्यांवर मेंबर नसलेल्याला एका ऑर्डरीमागे साधारण ४० रुपये पडतात असं धरा. आता १,४९९ ला ४० ने भागलं की उत्तर येतं ३८ च्या आसपास. वर्षाला ३८ छोट्या ऑर्डरी, म्हणजे महिन्याला तीनपेक्षा थोड्या जास्त. केवळ पार्सलांच्या जिवावर वर्गणी वसूल करायची तर एवढ्या हव्यात.

हे मोजायला ॲपमध्ये ‘तुमच्या ऑर्डर्स’ उघडा, वरच्या गाळणीतून (फिल्टरमधून) गेलं वर्ष निवडा आणि वही-पेन घेऊन बसा. मोबाइलवर डोळ्यांना त्रास होत असेल तर मुलीला वाचायला सांगा. ४९९ च्या वरच्या ऑर्डरी लिहूसुद्धा नका. खालच्या लिहा आणि प्रत्येकीपुढे एकच गोष्ट नोंदवा: ही थांबू शकली असती का?

माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाची अशी यादी माझ्यासमोरच झाली. सोमवारी कुकरची रबरी रिंग, १८० रुपये. बुधवारी कपाटात दमटपणा शोषून घेणाऱ्या पुड्या, २४० रुपये. शनिवारी मोबाइलचं कव्हर, १९९ रुपये. तिन्ही वेगवेगळ्या खोक्यांतून, तिन्ही वेळा डिलिव्हरीवाल्याचा फोन, ‘घर खंय तुमचें?’ तिन्ही वस्तू कार्टमध्ये ठेवून शनिवारी एकदम मागवल्या असत्या तर ६१९ रुपये झाले असते आणि घरपोच खर्च शून्य. त्यांनी यादीवर ‘थांबू शकली असती’ अशा खुणा करत नेल्या. पान भरलं, पण न थांबणाऱ्या ऑर्डरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या. कुकरची रिंग त्यांतलीच, कारण कुकर अडला होता. पण ती फोंड्याच्या बाजारात भांड्यांच्या कुठल्याही दुकानात लटकलेली असते आणि पार्सल येईपर्यंत ते दोन दिवस कुकरशिवायच होते!

इथे एक सावधगिरी. वर्गणी बंद केल्यावर लोक उलट्या बाजूला घसरतात. ४० रुपये वाचवायला कार्टमध्ये नको असलेली १६० रुपयांची वस्तू टाकून ४९९ चा आकडा गाठतात. हे वाचवणं नव्हे. त्यापेक्षा सरळ ४० रुपये भरा. वर्षात दहा वेळा भरावे लागले तरी चारशेच होतात.

वर्गणीमुळे खरेदी वाढते का, हाही मुद्दा आहे. माझ्या पाहण्यात ती वाढते. मात्र लोक समजतात तशी मोठ्या वस्तूंची नव्हे. टीव्ही कोणी प्राइम आहे म्हणून घेत नाही. वाढतात त्या शंभर-दोनशेच्या वस्तू, ज्या एरवी आठवड्याच्या बाजाराला जाईपर्यंत डोक्यातून गेल्या असत्या. पैसे भरलेच आहेत तर वापरू, हा विचार त्यामागे असतो. तुमच्या यादीत अशा वस्तू किती आहेत ते तुम्हालाच कळेल, मला नाही. काही ऑर्डरींसमोर तुम्हाला ती वस्तू आता घरात कुठे आहे हेही आठवणार नाही. त्या वेगळ्या रंगाने खुणा करा. वर्गणीचा छुपा खर्च तो आहे आणि बहुतेक घरांत तो १,४९९ पेक्षा मोठा निघतो.

आता वेग. गोव्यातले सगळे पिनकोड ४०३ ने सुरू होत असले तरी सगळ्यांना सारखी सेवा मिळत नाही. पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को इथली गोष्ट वेगळी आणि सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या वाड्यांची वेगळी. स्वतः पडताळून बघायचं असेल तर एखादी वस्तू उघडा, वर पत्त्याच्या जागी पणजीचा ४०३००१ घाला आणि मिळण्याची तारीख बघा. मग वाळपईचा ४०३५०६ घाला. चार-पाच वेगवेगळ्या वस्तूंवर हे करा. फरक किती ते डोळ्यांसमोर येईल. वर्गणी मात्र दोन्ही पिनकोडना तेवढीच. पणजीत फ्लॅटमध्ये राहणारं जोडपं १,४९९ मध्ये वेग विकत घेतं, तुम्ही त्याच पैशात तो फारसा घेऊ शकत नाही. यात कोणाची चूक नाही, अंतर आणि गिऱ्हाइकांची संख्या यांचा तो परिणाम आहे. त्यात पावसाळ्यात घाटात झाड आडवं झालं की बेळगावकडून येणारा माल एखादा दिवस अडकतोच, मेंबर असा वा नसा.

व्हिडिओकडे वळू. वर्गणीतला हा भाग घरात सगळ्यांत जास्त वापरला जातो आणि सगळ्यांत कमी मोजला जातो. १७ जून २०२५ पासून भारतात प्राइम व्हिडिओवर जाहिराती येऊ लागल्या. त्या नको असतील तर वर्षाला ६९९ किंवा महिन्याला १२९ रुपये वरून द्यावे लागतात. म्हणजे जाहिरातीविना बघायचं तर खर्च २,१९८ वर जातो. तुम्ही आणि मिस्टर रोज संध्याकाळी टीव्हीवर काही बघत असाल तर हा भाग एकटाच वर्गणी वसूल करून देईल आणि मग पार्सलांचा हिशेब करायची गरजच नाही. पण तुमच्या लिहिण्यावरून वाटतं की बघणारा मुलगा आहे, तोही बेंगळुरूत. तो कमावतो. मग प्रश्न वर्गणी ठेवण्याचा उरत नाही, ती कोणाच्या खात्यातून जावी एवढाच राहतो. त्याचं वय १८ ते २४ च्या दरम्यान असेल तर तरुणांसाठी वयाचा पुरावा देऊन मिळणारी सवलत आहे का, ते त्याने त्याच्या खात्यात बघावं. शिवाय त्याच्या मोबाइलच्या प्लॅनबरोबर प्राइम किंवा त्याचा स्वस्तातला प्रकार, प्राइम लाइट, आधीच मिळतंय का हेही तपासायला सांगा. काही रिचार्ज आणि पोस्टपेड प्लॅनमध्ये ते येतं, फक्त एकदा चालू करून घ्यावं लागतं. एका घरात वडील १,४९९ भरत होते आणि मुलाच्या पोस्टपेड बिलात तेच आधीपासून होतं, असं स्टेटमेंट मी पाहिलंय. दोघांनाही पत्ता नव्हता.

तिसरी गोष्ट कार्ड. तुम्ही त्याचा उल्लेख केलेला नाही, पण हा मुद्दा सुटला तर सगळं उत्तर उलटू शकतं. ॲमेझॉन पे आणि आयसीआयसीआय बँकेचं जे क्रेडिट कार्ड आहे, त्यावर ॲमेझॉनवरच्या खरेदीत प्राइम मेंबराला ५ टक्के परत मिळतात आणि मेंबर नसलेल्याला ३ टक्के. फरक २ टक्क्यांचा. काही वस्तू यातून वगळलेल्या असतात, ते सोडून बोलू. वर्षाला ७५,००० रुपयांची खरेदी या कार्डावर होत असेल तर २ टक्क्यांचे १,५०० होतात आणि वर्गणी तिथेच फिटते. वर्षभराचं बाळाचं सामान, घराला लागणारी उपकरणं, छोट्या होमस्टेसाठी चादरी-टॉवेल असं सगळं तिथूनच मागवणारे लोक किनारपट्टीत भेटतात. त्यांना मी वर्गणी ठेवा असंच सांगतो. तुमच्याकडे हे कार्ड नसेल किंवा खरेदी वीस-पंचवीस हजारांची असेल तर हा मुद्दा सोडून द्या. आणि कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरत नसाल तर तो विचारातही घेऊ नका, व्याज त्या २ टक्क्यांना कधीच गिळून बसतं.

आता ‘ठेवू की बंद करू’ या दोन टोकांच्या मधलंही काही आहे. मी हे लिहितो आहे तेव्हा वर्षाच्या पूर्ण प्राइमचे १,४९९, प्राइम लाइटचे ७९९ आणि फक्त खरेदीसाठीच्या शॉपिंग एडिशनचे ३९९ रुपये आहेत. लाइटमध्ये व्हिडिओ एकाच उपकरणावर आणि जाहिरातींसह मिळतो, शॉपिंग एडिशनमध्ये व्हिडिओ नाहीच. भरण्यापूर्वी ॲपमध्ये चालू किंमत बघा, कारण हे आकडे बदलत असतात. मघाचाच भागाकार लावा: ३९९ ला ४० ने भागलं की दहा. म्हणजे तुमच्या यादीत न थांबणाऱ्या छोट्या ऑर्डरी दहाच्या आत असतील तर काहीच नको. दहाच्या बऱ्याच वर असतील आणि व्हिडिओ तुम्ही बघत नसाल तर ३९९ वाला पुरे. अडतीसच्या पुढे गेल्या तरी निव्वळ पार्सलांसाठी ३९९ चाच पर्याय आधी बघा. पूर्ण वर्गणी व्हिडिओ किंवा कार्डाशिवाय पटत नाही.

महिन्याची वर्गणी २९९ आणि तिमाही ५९९ आहे. पूर्ण वर्षभर महिन्या-महिन्याने भरलं तर ३,५८८ होतात, म्हणून लोक वार्षिक घेतात. पण हाच आकडा उलटा वाचा. पाच महिने सुटे घेतले तरी १,४९५ होतात, म्हणजे वार्षिकपेक्षा चार रुपये कमीच. वर्षातून पाचपेक्षा कमी महिने लागणार असतील तर सुटं घेणं स्वस्त. एखादी मालिका बघायची आहे, घरात लग्न आहे, मोठा सेल आहे, तेव्हा महिन्यापुरतं घ्या.

यातून तुमच्या धाकधुकीचं उत्तरही मिळतं. बंद केल्याने जुनेपणाचा कसलाही हक्क जात नाही, कारण तो मुळात नसतोच. जुलै २०१६ मध्ये प्राइम भारतात आलं तेव्हा सुरुवातीची किंमत ४९९ होती, पुढे ९९९ झाली आणि डिसेंबर २०२१ मध्ये १,४९९. पहिल्या वर्षीपासूनचा मेंबरही नूतनीकरणाला आजचीच किंमत भरतो. उद्या परत यावंसं वाटलं तर दार उघडंच आहे. त्यातून प्राइम डे, म्हणजे मेंबरांसाठीचा मोठा सेल, गेली काही वर्षं जुलैत येतो आणि तुमची मुदत ऑगस्टात संपते. म्हणजे या वर्षीचा सेल तुम्हाला मिळून गेलेला असेल.

बंद कसं करायचं ते नीट वाचा, कारण गोंधळ इथे होतो. मोबाइलवरून ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबत नाही. खात्यात जाऊन प्राइम मेंबरशिपच्या पानावर आपोआप होणारं नूतनीकरण बंद करायचं. ते आज बंद केलंत तरी भरलेल्या मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत सगळं चालू राहतं, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट बघत बसू नका. उलट पैसे एकदा कापले गेले आणि तुम्ही काही वापरलंत, तर पूर्ण परतावा मिळेल असं गृहीत धरू नका.

वाटेत एकामागून एक पानं येतील: तुम्ही इतके फायदे गमावाल, त्याऐवजी आठवण करून देऊ का, महिन्याची घ्या. प्रत्येक पानावर ठळक रंगाचं बटण ‘ठेवा’चं असतं. घाईत तेच दाबलं जातं आणि माणूस समजतो की बंद झालं. हा प्रकार इतका जगभर पसरलेला आहे की अमेरिकेत तिथल्या व्यापार आयोगाने जून २०२३ मध्ये ॲमेझॉनवर प्राइमच्याच नावनोंदणी आणि रद्द करण्याच्या पद्धतीवरून खटला भरला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तो २५० कोटी डॉलरवर मिटला, त्यातले १५० कोटी ग्राहकांना परत देण्यासाठी. ती तडजोड तिथल्या ग्राहकांपुरती. आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांतल्या १३ प्रकारांत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’, म्हणजे बंद करणं मुद्दाम किचकट ठेवणं, स्पष्ट नावाने आहे. कुठल्याही कंपनीची वर्गणी बंद होतच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथे तक्रार नोंदवता येते.

खात्यात बंद केल्यावर शेवटी नूतनीकरण बंद झाल्याचा संदेश किंवा ईमेल आला का ते बघा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. मग पैसे ज्या वाटेने जातात ती वाट तपासा. यूपीआयने जात असतील तर तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मॅन्डेट’ असा विभाग असतो, तिथे चालू असलेल्या सगळ्या परवानग्या दिसतात. कार्डाने जात असतील तर बँकेच्या ॲपमध्ये तशीच यादी मिळते. रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे: कार्डावरून असे आवर्ती पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने तुम्हाला कळवायचं आणि त्यातून बाहेर पडण्याचा मार्ग द्यायचा. हा संदेश बहुतेकांना येतो आणि जाहिरातींच्या ढिगाऱ्यात न वाचता जातो. तुमच्या भागात नेटवर्क जातं-येतं, म्हणून त्या एका दिवसाच्या संदेशावर विसंबू नका, आधीच उरका. ऑटोपेची ती यादी एकदा उघडलीच आहे तर बाकीच्या नावांवरूनही नजर फिरवा. जेवण मागवायचं ॲप, गाण्यांचं ॲप, कधीतरी एक रुपयात महिनाभर म्हणून घेतलेलं काहीतरी. प्राइमबद्दल विचारायला आलेल्या माणसाला तिथे दुसरंच काहीतरी सापडतं, असं वारंवार होतं.

तुमच्यासाठी मी काय करीन ते सांगतो. या आठवड्यात नूतनीकरण बंद करून टाकीन, मुदत संपेपर्यंत सगळं वापरतच राहीन आणि मधल्या काळात यादी करीन. मुलाला फोन करून त्याचं प्राइम त्याच्या नावावर घ्यायला सांगीन. मग मुदत संपल्यावर तीन महिने वर्गणीशिवाय काढीन आणि प्रत्येक वेळी भरलेले ४० रुपये कॅलेंडरवर लिहीन. तीन महिन्यांत शंभरच्या वर गेले नाहीत तर काही घ्यायचं नाही, गेले तर ३९९ वाला. सासूबाईंची औषधं याच ॲपवरून येतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. येत असतील तर ती कार्टमध्ये साठवून ठेवायच्या भानगडीत पडू नका, पाच दिवसांची तारीख दाखवणाऱ्या पत्त्यावर औषध वाळपईच्या फार्मसीतूनच आणलेलं बरं. आणि चवथीसाठी गणपतीच्या माखराचे दिवे, पडदे वगैरे मागवायचे असतील तर पंधरवडा आधी मागवा. त्या आठवड्यात सगळ्या गोव्याची पार्सलं एकदमच सुटतात आणि तुमच्या वाड्यावर येणारी गाडी एकच असते.